भांडं बदलू नका

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना एक वाईट खोड आहे. मांडीवर कुणाचंही लहान मूल आलं की ती त्याच्या उजव्या बरगडीखाली जातात आणि हलकेच दाबून बघतात. नातवाच्या वेळी सुनेनं एकदोनदा पाहिलं आणि म्हणाली, "आई, पुरे आता, गुदगुल्या होतात त्याला." मी हात काढून घेतला. बोटं काय शोधत होती, हे तिला सांगून घर कशाला घाबरवायचं?

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की मार्थाबाई, दवाखान्यातल्या जुन्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हसायला आवडतं. गमती होत्या. पण एकदा लेखणी हातात घेतली की मला दुसरंच लिहावंसं वाटणार, हे मला ठाऊक होतं, म्हणून इतकी वर्षं मी अशा पत्रांना उत्तरच देत नव्हते. ज्या एका माणसाच्या कानावर हे जाऊ नये असं वाटत होतं, ते माणूस मागच्या वर्षी गेलं. आता लिहायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या, म्हणजे लढाईच्या सुमाराला मी नगरच्या एका दवाखान्यात नर्स होते. तिथले डॉक्टरसाहेब लहान मुलांच्या यकृताच्या एका आजाराच्या मागे लागले होते. यकृत म्हणजे लिव्हर. उजव्या बरगडीच्या आड बसलेला हा अवयव निरोगी मुलात बोटाला जेमतेम लागतो, आणि लागला तरी मऊ लागतो. या आजारात तो वाढत वाढत खाली उतरतो आणि कडक होतो. त्याची कड कातडीखाली चक्क पानाच्या कडेसारखी धारदार लागते. मूल वर्ष-सव्वा वर्षाचं असतं. आधी नुसतं किरकिरं होतं, अंग कोमट राहतं, पोट पुढं येतं. आई म्हणते, बाळसं धरलंय. मग डोळे पिवळे होतात, पोटात पाणी होतं, आणि चार-सहा महिन्यांत सगळं आटोपतं. त्या काळी औषध असं नव्हतंच. लिव्हरच्या अर्काची इंजेक्शनं होती. ती टोचताना मूल रडायचं आणि आई-बापांना काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं, एवढाच त्यांचा गुण.

त्यातलं सगळ्यांत विचित्र म्हणजे हा आजार खात्यापित्या घरात यायचा. ज्या घरी दुभतं असे, मुलाला दूध कमी पडत नसे, तिथं. एकाच आईची पाठोपाठ दोन-दोन, तीन-तीन मुलं जायची. आमच्या ख्रिस्ती वस्तीत, जिथं चहात घालायलाही दूध नसे, तिथली पोरं हगवणीनं, गोवरानं मरायची. पण यकृतानं मेलेलं पोर मला आठवत नाही. डॉक्टरसाहेब म्हणत, "यात काहीतरी आहे, मार्थाबाई. काय आहे ते शोधायचं." त्यांनी तेहेतीस प्रश्नांचा एक तक्ता केला होता. ज्या घरी यकृतानं मूल गेलं असेल, तिथं पुढचं मूल जन्मलं की मी दर महिन्याला जायचं, मुलाला तपासायचं, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं यकृताची कड पोटावर आखायची, मापायची आणि तक्ता भरायचा. जात कोणती, आईचं दूध किती महिने, वरचं दूध गाईचं की म्हशीचं, तूप किती, साखर किती, घरात पूर्वी कावीळ होती का. सगळं.

वहीत खोटी नोंद माझ्या हातून कधी झाली नाही, याचा मला फार गर्व होता. संपादकांसाठी त्यातलीच एक गंमत सांगते. एका आजीला नातवाची लघवी बाटलीतून आणायला सांगितलं होतं. मी ती तपासली तर एकदम स्वच्छ, पित्ताचा मागमूस नाही. इकडे पोरगं हळदीसारखं पिवळं. डॉक्टरसाहेब चक्रावले, माझ्याच कामावर शंका घेऊ लागले. मी आजीला बाजूला घेतलं तेव्हा ती पदर तोंडावर धरून म्हणाली, "बाई, त्येनं मोटारीतच केली वो. मंग रिकामी बाटली कशी आनायची? म्हनून माजीच भरली. रगत तर येकच हाय न्हवं!" सगळा दवाखाना हसला. मी मात्र त्या दिवसाची नोंद खोडून कारण लिहिलं आणि खाली सही केली. अशी मी काटेकोर. डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जे विचारलंय तेवढंच लिहायचं. आपली अक्कल वहीत नको." मी ते अक्षरशः पाळलं.

तिसगावची हौसा माझ्या वहीत अशीच आली. जेमतेम विशीतली पोरगी, चांगल्या जमीनवाल्या घरातली सून. नवरा रंगनाथ शांत, कष्टाळू गडी. पहिली मुलगी चौदाव्या महिन्यात गेली, दुसरा मुलगा सोळाव्या. तिसरा झाला तेव्हा सासूनं त्याचं नाव दगडू ठेवलं. नावाला किंमत नसली की काळाचीही नजर पडत नाही, म्हणून. डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं, "हा मुलगा आपल्याला वाचवायचा आहे. याच्यात चूक होता कामा नये."

मी दर महिन्याला जायचे. तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. करंजीच्या घाटात मोटार दमली की उतारू खाली उतरून ढकलत, मीही ढकलायची. हौसाच्या घरी मला ओट्यावर बसवत. चहा मिळे तो कान तुटलेल्या चिनी कपातून. तो कप माझ्यासाठी बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला असे, आणि पिऊन झाल्यावर मीच विसळून ठेवायचा. मी ख्रिस्ती, आणि मूळची कुठली हे गावाला ठाऊक. घरातलं पितळ मला लावून बाटवायचं नाही, असा तो हिशेब. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. सवय असते.

हौसा मात्र आत-बाहेर करताना माझ्याशी बोलत राहायची. तिच्या हातात बहुतेक वेळा एक पितळी तपेली असायची, ती चिंचेनं घासत असायची. ही तपेली तिच्या आईनं लग्नात दिलेली. आई त्यानंतर वर्षभरातच वारली, त्यामुळं तिचा जीव त्या भांड्यात. मुलाचं दूध त्यातच तापायचं. घासून घासून तिनं ती अशी लखलखीत ठेवली होती की आतून बाहेरून सोनं दिसावं. आतून सोनं दिसलं म्हणजे कल्हई, कथलाचा तो पांढरा थर, गेली, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंच. लढाईत कथील मिळेनासं झालं होतं, कल्हईवाले गावात फिरकत नव्हते, हे घराघरात बोललं जायचं. एकदा हौसाच म्हणाली, "ताक कळकलं बाई, समदं वतून दिलं. कल्हईच न्हाई तर काय करावं? आता ह्यात निस्तं दूधच ठेवते." आंबट पदार्थ पितळेत कळकतो, हिरवा होतो, तोंडाला लागतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. दूध गोड, त्याला काय होतंय? मी मान हलवली. तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी लिहिलं नाही.

दगडू पाच महिन्यांचा होईतो आईच्या अंगावर होता आणि दृष्ट लागावी असा होता. यकृत अगदी जागच्या जागी. मी खुशीत होते. पण त्याच वेळी डॉक्टरसाहेबांच्या मनानं घेतलं, की एकाच आईची मुलं ओळीनं जातात त्या अर्थी दोष आईच्या दुधात असावा. त्यांनी एकट्यांनीच नाही, त्या काळी बऱ्याच जाणत्यांनी असं धरलं होतं. सासू तर पहिल्यापासून म्हणतच होती. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी दिली: अंगावरचं बंद, गाईचं दूध सुरू. आणि ते समजावून सांगायचं काम माझं.

हौसा ऐकेना. "बाई, ह्यो तर चांगला पितोय. वजान वाढतंय म्हनून तुमीच म्हनला न्हवं?"

"त्याच्या भल्यासाठीच सांगते, हौसा. पहिल्या दोघांचं काय झालं, आठव."

मागून सासू म्हणाली, "आता तरी पटलं का? हिच्या दुधातच इख हाय म्हनून मी सांगत हुते. आता दवाखान्यानं बी सांगितलं." आणि माझ्याकडे बघून, "व्हय ना वो बाई?"

मी नाही म्हटलं नाही. लाज वाटते लिहायला, पण मी म्हणाले, "तसा संशय आहे." वहीतही तसंच लिहिलं: मातेचे दूध, संशयित. माझं अक्षर वळणदार होतं.

हौसाच्या छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधून दूध आटवलं. रंगनाथ घोडेगावच्या बाजारात जाऊन खास मुलासाठी गाय घेऊन आला. आणि मी हौसाला चुलीपुढे उभं करून, म्हणजे मी ओट्यावरून आणि ती आत, दूध कसं द्यायचं ते शिकवलं. चांगलं तीनदा उकळू द्यायचं. झाकण ठेवायचं. दिवसभर वैलावर, चुलीच्या बाजूच्या तोंडावर, कोमट राहू द्यायचं. आणि मुख्य म्हणजे या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं नाही; ओतलं की जंतू शिरतात. "भांडं बदलू नका," मी म्हणाले. ही माझी स्वतःची भर होती, चिठ्ठीत नव्हती. स्वच्छतेचा मला फार सोस.

हौसानं ते शब्द देवाची आज्ञा असावी तसे पाळले. सकाळी तापवलेलं दूध संध्याकाळपर्यंत आईच्या त्या तपेलीत, वैलावर. दर महिन्याला ती मला सांगायची, "बाई, भांडं बदललं न्हाई हां." मी शाबासकी द्यायची.

तेराव्या महिन्यात दगडू किरकिर करू लागला. मी बोटं बरगडीखाली घातली आणि मला कड लागली. पुन्हा पाहिलं. हात धुवून, ऊन करून पुन्हा पाहिलं. पेन्सिलीनं रेघ आखून बरगडीपासून मापलं. दोन बोटं. पुढच्या महिन्यात तीन, आणि कड कडक. हौसा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला बोटांचं गणित आता माझ्याइतकंच येत होतं. तिनं पोराला उचललं आणि आत घेऊन गेली.

शेवटचे दोन आठवडे दगडू आमच्याकडे होता. पोटातलं पाणी काढलं की एक दिवस हसायचा, तेव्हा जास्त वाईट वाटायचं. हौसानं एकदा त्याला छातीशी धरलं आणि चोळी सोडू लागली. दूध आटून वर्ष व्हायला आलं होतं. मी तोंड फिरवलं. एका दुपारी, वॉर्डात ऊन आलेलं असताना, तो तिच्या मांडीवरच गेला.

आणि मग मला ते मागावं लागलं. यकृताचा एक कण सुईनं काढून घेतला तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. पण मेलेल्या पोराला सुई टोचू देणारं घर हजारात एखादं. रंगनाथ ऐकून उठूनच गेला. सासू मला बोलू नये ते बोलली, आणि मला ते कमीच वाटलं. हौसा मात्र कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "घ्या. तीन ल्येकरं गेली. काय हाय ते येकदा कळू तरी द्या." मग माझा हात धरून म्हणाली, "बाई, कळलं की मला सांगा. कितीबी दिस लागू द्या. इसरू नगा." मी तिला शब्द दिला.

तो कण मी माझ्या हातानं बाटलीत घातला. डॉक्टरसाहेबांनी पाहिलं, वणांचे पट्टे दिसले, नोंद केली. जे ठाऊक होतं तेच पुन्हा दिसलं. बाटली फळीवर गेली. पुढे डॉक्टरसाहेब बदलून गेले, तक्ते बांधून माळ्यावर टाकले, मी प्रसूती विभागात गेले.

हौसाचं काय झालं ते तुकड्या-तुकड्यांनी कानावर येई. रंगनाथनं दुसरी केली. गरीब घरची, आंदण म्हणून जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, चार पातेली घेऊन आलेली. तिनं पहिल्या दिवसापासून ठरवलं, की पोरांना हौसाचा हात लागायचा नाही आणि हौसाचं भांडंही वापरायचं नाही. तिला चार मुलं झाली आणि चारही जगली. झालं. याहून मोठा पुरावा गावाला कशाला हवा? हौसाला गोठ्याशेजारची खोली मिळाली. बारशाला तिला बोलावेनात. लेकुरवाळ्या तिच्यापुढून जाताना पदर ओढून घेत.

मी निवृत्त होऊन श्रीरामपूरला मुलाकडे राहायला आले, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. तिथं जुन्या नर्सांचा मेळावा होता. एका तरुण डॉक्टरानं भाषण केलं. मी मागच्या रांगेत, निम्मं ऐकत होते. तो सांगत होता, की लहान मुलांचा तो यकृताचा आजार आता जवळजवळ दिसेनासा झालाय, आणि दिसेनासा का झाला तेही कळलंय. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात दूध तापवलं, ठेवलं, की तांबं दुधात उतरतं. मोठ्यांना पचतं, तान्ह्याच्या यकृतात साठत जातं. काही घराण्यांच्या रक्तातही कमजोरी असावी, पण मुख्य भांडं. स्टील आलं, जर्मन आलं, आजार गेला. आईच्या दुधाचा तर यात काडीचा संबंध नाही, उलट ते राखण करतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसूनच राहिले. तेहेतीस प्रश्न मला अजून पाठ आहेत. गाईचं की म्हशीचं, किती, केव्हा, कितीदा उकळून. कशात, हे एकदाही विचारलेलं नव्हतं. आणि ओट्यावर बसून मी स्वतः दर महिन्याला चिनी कपातून चहा पीत होते. सोवळ्या घरांत पितळ आणि आमच्या वस्तीत मडकं नाहीतर टमरेल, हा फरक माझ्या हातात धरवून दिला होता. तो कप विसळून कोनाड्यात ठेवायचा, एवढंच मला सुचलं. आणि फळीवरच्या बाटलीत तांबं होतं.

दिलेला शब्द पाळायला मी तिसगावला गेले. दोन ठिकाणी एसटी बदलावी लागली. रंगनाथ गेलेला, सासू गेलेली, सवतही गेलेली. घर सावत्र मुलाच्या हातात. त्याच्या बायकोनं चुलीवर दूध ठेवलं होतं. मी आधी ते पाहिलं. स्टीलचं पातेलं. तेवढं पाहून बरं वाटलं.

हौसा खोलीच्या दारात बसली होती, वाळलेली, केस पांढरे. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. म्हणाली, "कळलं का वो बाई?"

काय, हे तिनं सांगितलं नाही. लागतच नव्हतं.

मी मुद्दाम सावत्र मुलाला आणि त्याच्या बायकोला हाक मारून बोलावलं. त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणाले, "हौसाबाईंच्या दुधात काही वाईट नव्हतं. डॉक्टरांनी आता शोधून काढलंय. ते दूध चालू राहिलं असतं तर बरं झालं असतं. चूक आमची होती. माझी होती." मुलगा खाली बघत "व्हय का?" म्हणाला आणि कामाला गेला. त्याच्यासाठी ती फार जुनी गोष्ट होती.

हौसा दोन्ही हात छातीवर ठेवून रडली. रडणं थांबल्यावर उठली, आत गेली. "तवा तुमाला भाईर बसवून फुटक्या कपात चा दिला बाई. मला लई लाज वाटायची. आता आत या. माज्या हातचं दूध घ्या."

मी आत गेले. तिच्या हातात तपेली होती. तीच. आतून बाहेरून लखलखीत.

"आयची आठवन," ती म्हणाली. "सवतीनं घरात ठिवू दिली न्हाई, म्हनून माज्याजवळ ऱ्हायली. येवढंच काय ते माजं." तिनं तपेली पदरानं पुसली आणि माझ्यापुढे धरून विचारलं, "दुधात न्हवतं, तर मंग कशात हुतं वो?"

याच प्रश्नासाठी तिनं पोराला सुई टोचू दिली होती. याच उत्तराचा मी तिला शब्द दिला होता. उत्तर तिच्या दोन्ही हातांत होतं.

मी म्हणाले, "ते काही अजून नीट कळलेलं नाही, हौसा. रक्तातच असतं म्हणतात. त्यात कुणी काही करू शकलं नसतं."

"म्हंजी कुनाच्या हातात न्हवतं म्हना की."

"नव्हतं."

माझ्या आयुष्यातली खोटी नोंद ती एवढीच. ती कुठल्या वहीत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते आहे.

हौसानं मान हलवली. तिचा चेहरा हलका झाला होता. तिनं तपेलीत दूध ओतून पुढे केली. मी ती घेतली आणि वरूनच, भांड्याला तोंड न लावता, प्यायला लागले. जुनी सवय. ती म्हणाली, "तोंड लावून प्या की." मी तोंड लावलं. सगळं दूध प्यायले. ताक असतं तर कळकलेलं लागलं असतं. त्या दुधाला दुधाचीच चव होती.